खिडकीतलं खापर

विश्वनाथ : तो दुधी कागद खरवडू नकोस, मंदा. काचेवर सरळ बसवायला माझा अख्खा रविवार गेलाय. आणि ते दार लाव आधी, हीट बाहेर जातेय.

मंदाकिनी : दार लावलं. कागदाचं मी काही कबूल केलं नव्हतं. नुसता कोपरा सोडवलाय, बर्फ थांबला का ते बघायला.

विश्वनाथ : बर्फ फोनवर कळतो.

मंदाकिनी : फोनवर कळतो तो लेक राहते त्या व्हिटबीचा. आपल्या ऑल्डरफर्डचं विचारतंय कोण? इथं आपणच काच पुसायची आणि बघायचं.

विश्वनाथ : हे बघ, चारला टाउन हॉलमध्ये मीटिंग आहे, आणि आता तीन वाजून गेलेत. मी स्लाइड्सवरून शेवटची नजर फिरवतोय. तू तुझी दोन वाक्यं म्हणून दाखव.

मंदाकिनी : गुड आफ्टरनून. वुई विल नॉट डिस्टर्ब एनीबडी. झालं? माय वं, काय पण बोलणं. नव्या नवरीनं उंबऱ्यातच सांगावं, मी घरात आहे हे कुणाला कळणारसुद्धा नाही.

विश्वनाथ : तेच तर सांगायचंय. पुन्हा एकदा ऐक, म्हणजे तिथं गोंधळ नको. या गावाचा नियम आहे, मेन स्ट्रीटवर तळमजल्याला काय चालेल ते ठरलेलं आहे. दुकान चालतं, रेस्टॉरंट चालतं, सलून चालतं, बँक चालते. आपलं डब्यांचं किचन त्यात कुठंच बसत नाही. ते त्यांच्या हिशेबी कारखान्यात जमा होतं, आणि कारखाने हायवेपलीकडे. म्हणून आपण नियमात बदल मागितलाय. टाउनच्या प्लॅनरनं तिच्या रिपोर्टमध्ये काउन्सिलला शिफारस केलीय, की यांना 'नाही' म्हणा. आता काउन्सिलला पटवायचं तर आपला त्रास शून्य आहे हे सिद्ध करायला हवं. आवाज शून्य, वास शून्य, गर्दी शून्य. एकेका शून्याला एकेक स्लाइड आहे.

मंदाकिनी : आणि नाहीच म्हणाले तर?

विश्वनाथ : तर हायवेपलीकडे गाळा बघू. जागा मोठी मिळते तिथं. पार्किंगसुद्धा आहे.

मंदाकिनी : मागच्या आठवड्यात गेले होते मी बघायला. एका बाजूला विंटर टायर बदलणारा, दुसऱ्या बाजूला गोडाऊन. चालत जाणारं माणूस औषधाला दिसलं नाही. खिडकी विचारली, तर त्या माणसानं वर बोट दाखवलं. छताला होती. अहो, कॅनडात आल्यावर, मिसिसागाला आपली जाई शाळेत जायची तेव्हापासून मी बेसमेंटमध्ये डबे केले. वरच्या झरोक्यातून लोकांचे बूट दिसायचे तेवढेच. आता पुन्हा तिकडं जाऊन कोंडून घ्यायचं असेल, तर मी धंदाच बंद करते. हे मी रागानं बोलत नाही. मला खरंच होणार नाही ते.

विश्वनाथ : असं ऐनवेळी निराश नाही व्हायचं.

मंदाकिनी : निराश कुठं आहे? कणीक तिंबून आणलीय, पुरण वाटून आणलंय. हो म्हणाले तर मांडे, नाही म्हणाले तरी मांडे. या जागेच्या मालकाला सांगून गॅस चालू करून घेतलाय आजच्यापुरता. तोही बिचारा म्हणाला, महिनाअखेरपर्यंत थांबतो, पुढं मला त्या ई-सिगारेटच्या दुकानवाल्याला हो म्हणावं लागेल. तुमचा फोन वाजतोय बघा.

विश्वनाथ : जाईचा आहे. हां, बोल गं. स्पीकरवर टाकतो, आई इथंच आहे.

जाई : बाबा, लिसन, माझ्याकडे फक्त दहा मिनिटं आहेत, मग मीटिंग आहे. मी लंचमध्ये त्या प्लॅनरला फोन केला. शी इज ॲक्च्युअली सो नाइस. मी विचारलं, तुमचा प्रॉब्लेम नक्की काय आहे? वास? ट्रक्स? ती म्हणाली, यातलं काहीच नाही. तिथं आधी पिझ्झावाला होता, त्याचा एग्झॉस्ट अजून आहे, वासाचं कुणाला काही नाही.

विश्वनाथ : मग?

जाई : मग तुमचं ॲप्लिकेशन. बाबा, डोन्ट गेट अपसेट. तुम्ही त्यात लिहिलंय, कस्टमर आत येणार नाहीत. बोर्ड लावणार नाही. खिडकी पूर्ण झाकून ठेवू. दार फक्त डिलिव्हरीला उघडेल. ती म्हणाली, या रस्त्यावर आधीच इतकी दुकानं बंद पडलीत, संध्याकाळी सहानंतर कुत्रं फिरत नाही. त्यांचा तो नियमच त्यासाठी आहे, की तळमजल्यावर माणसं ये-जा करतील असंच काहीतरी हवं. आणि तुम्ही लिहून दिलंय की इथं कुणी दिसणारच नाही. यू प्रॉमिस्ड देम अ डेड विंडो.

विश्वनाथ : मी त्यांच्या सोयीसाठी लिहिलं होतं ते.

जाई : आय नो, बाबा.

विश्वनाथ : आपण बाहेरून आलेली माणसं. छोटं गाव आहे. आपल्यामुळे कुणाला तोशीस नको, एवढंच होतं माझ्या मनात.

मंदाकिनी : ते तिला नका सांगू, ती पुरती ओळखून आहे तुम्हाला. जाई, तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. आपण आधी काँडोत राहायचो. एक दिवस लिफ्टमध्ये नोटीस लागली, की काही घरांतून जेवणाचा फार वास येतो. नाव कुणाचंच नव्हतं. पण मजल्यावर हिंगाची फोडणी आपल्याच घरात होती. तर तुझे बाबा रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन दारोदार सॉरी म्हणत फिरले. एकानं दार उघडलंच नाही, आतूनच थँक यू म्हणाला. डबा तसाच घेऊन घरी आले आणि जेवले नाहीत. मग घर घेतलं ते बेसमेंट बघून. माझी शेगडी खाली गेली ती कायमची.

विश्वनाथ : ती नोटीस बरेच दिवस होती तिथं. ऑफिसला जाताना, येताना, रोज तिच्याखाली उभं राहायचं. शेजारी गुड मॉर्निंग म्हणायचे आणि मला वाटायचं, यांना माहितेय. तुम्हा दोघींना त्यातलं काही सोसावं लागू नये म्हणून मी आधीच सगळं झाकून घेतो. सवय लागली म्हण.

जाई : बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

विश्वनाथ : सांगण्यासारखं काय आहे त्यात.

मंदाकिनी : आता माझं ऐका. आमच्या अमळनेरला अक्षय तृतीयेला, आमच्या आखाजीला, मांडे अंगणात व्हायचे. चुलीवर मातीचं खापर उपडं घातलेलं, भोवती गल्लीतल्या सगळ्या बायका. एक लाटणार, एक हातावर घेऊन झुलवत मोठा करणार, एक खापरावर टाकणार. माझी आत्या मांडा झुलवायला लागली की जाणारा-येणारा थांबायचा, सायकलवाला पाय टेकून उभा राहायचा. तिला कुणी बघतंय म्हणून लाज नाही वाटायची, उलट हात आणखी उंच जायचा. मी तिच्याकडूनच शिकले. आणि लग्न होऊन पुण्याला आले, तर तुमच्या आई म्हणाल्या, आमच्यात पुरणपोळी असते, मांडे नसतात. त्या वाईट नव्हत्या. पण मांडे गेले ते गेलेच.

विश्वनाथ : गेले कुठं? दर आखाजीला खातो की आपण.

मंदाकिनी : खाता. घडी घातलेला, ताटात वाढलेला. मला करताना कधी पाहिलंय तुम्ही?

विश्वनाथ : खापर तर मीच आणलं अमळनेरहून. अख्ख्या प्रवासात मांडीवर धरून बसलो होतो. एअर होस्टेस विचारत होती, हेल्मेट आहे का म्हणून.

मंदाकिनी : खापर आणलंत. मांडा पाहिलात का?

विश्वनाथ : नाही. तसा पाहिला नाही.

जाई : मीसुद्धा नाही. आई, तू कायम आम्हाला म्हणायचीस, वर जा, मध्येमध्ये येऊ नका.

मंदाकिनी : बेसमेंटचं छत ते केवढं. हात वर केला की दिव्याला लागायचा. म्हणून बसूनच करायचे, आणि बसून केलेला मांडा कुणाला काय दाखवायचा? या पिझ्झावाल्याची शेगडी बघा, ऐन खिडकीशी आहे. जागा पहिल्यांदा बघायला आले तेव्हाच मी मनात मांडे खाल्ले, की खापर इथं, मी इथं, आणि रस्ता समोर. तुम्ही दुसऱ्या दिवशी कागद चिकटवलात. मला वाटलं, नियम असेल.

जाई : ओके, सो. प्लॅनर म्हणाली, तिचा रिपोर्ट गेलाय, तो आता बदलत नाही. पण काउन्सिलपुढं जाऊन तुम्ही सांगू शकता, की पुढं काउंटर असेल, लोक आत येऊन घेऊ शकतील, खिडकी उघडी असेल. डबे मागच्या गल्लीतून जातील. तसं बोललात तर काउन्सिल अट घालून हो म्हणू शकतं. रोज काहीतरी मिळेल ना, आई? समोर विकायला?

मंदाकिनी : पोळी-भाजी रोज. शनिवारी मांडे. काय कमी आहे?

विश्वनाथ : पण ॲप्लिकेशनवर माझी सही आहे. लिहिलंय एक आणि उभं राहून सांगायचं भलतंच, हे बरं दिसत नाही. आणि उद्या खरंच लोक जमले आणि कुणी तक्रार केली, तर?

जाई : तर बघू ना, बाबा.

विश्वनाथ : तू व्हिटबीला बसून बघशील. तोंड मला दाखवायचं असतं.

मंदाकिनी : मग तुम्ही नका बोलू. मी बोलते. माझं इंग्लिश ग्रोसरीपुरतं आहे, पण हे सांगायला तेवढं पुरेल. तुम्ही शेजारी बसा फक्त.

जाई : मला जायला हवं. मी सुटले की थेट तिकडंच येते. आई, हळू बोल, आणि प्लीज, सॉरीनं सुरुवात करू नकोस.

मंदाकिनी : चला, कोट घाला. हा कागद काढायचा झाला तर कसा निघतो हो?

विश्वनाथ : नुसता ओढू नकोस, डिंक काचेवर राहतो. हेअर ड्रायरनं गरम करावा लागतो. पण काढायची वेळ कुठं आलीय अजून. चल.

(त्याच संध्याकाळी, तेच दुकान. बाहेर अजून उजेड आहे. खिडकीच्या काचेवर कागद नाही.)

जाई : सॉरी, सॉरी, हायवेवर एक ट्रक आडवा झाला होता, तासभर जागेवर उभी होते. फोन का नाही घेत तुम्ही दोघं? आणि वेट. बाहेरून मला आख्खं दुकान दिसलं. बाबा टेबलावर का चढलेत?

मंदाकिनी : डिंक पुसतायत. टाउन हॉलमधून थेट घरी गेले, हेअर ड्रायर घेऊन आले. मी म्हटलं, उद्या करा. ऐकतायत कुठं.

जाई : म्हणजे हो म्हणाले?

मंदाकिनी : हो म्हणाले. एक खुर्ची घे, सांगते सगळं.

विश्वनाथ : क्रमानं सांग. तू नेहमी शेवट आधी सांगतेस.

मंदाकिनी : बरं. आधी मी बोलले. सांगितलं की मी स्वयंपाक करते, मला तो खिडकीत उभं राहून करायचाय, लोकांनी आत यावं, घ्यावं, नाही घेतलं तरी बघावं. सॉरी म्हटलं नाही हो, जिभेवर आलं होतं. मग एक तरुण काउन्सिलर म्हणाला, आज एका किचनला हो म्हटलं तर उद्या सगळा रस्ता किचनचा होईल, त्यापेक्षा हायवेपलीकडे जागा आहेच की. चांगला सभ्यपणानं म्हणाला. तेवढ्यात त्यांच्या मेयरबाईंनी तुझ्या बाबांचं ॲप्लिकेशन वर धरलं आणि विचारलं, तुम्ही म्हणता लोक येतील, इथं तर लिहिलंय कुणीच येणार नाही. मग खरं काय मानायचं? जाई, माझं ग्रोसरीचं इंग्लिश संपलं.

जाई : मग?

मंदाकिनी : मग शेजारची खुर्ची वाजली. बघते तर हे उभे.

जाई : बाबा? स्लाइड्स घेऊन?

मंदाकिनी : मोकळ्या हातानं. लॅपटॉप खुर्चीवरच राहिला.

जाई : काय बोललात, बाबा?

विश्वनाथ : विशेष काही नाही.

मंदाकिनी : मी सांगते विशेष काही. म्हणाले, ते मी लिहिलंय, आणि मला ते मागे घ्यायचंय. आम्ही या देशात आलो तेव्हापासून मी समजत आलो, की चांगला शेजारी म्हणजे ज्याचा पत्ताच लागत नाही तो. तुम्हाला तेच हवं असेल असं मी धरून चाललो, तुम्हाला विचारलं नाही. आता विचारतो. माझी बायको एक पदार्थ करते, तो करताना बघायला तिच्या गावात रस्ता थांबायचा. मी तिचा नवरा, आणि मी तो अजून बघितलेला नाही, कारण मीच तिला खाली नेऊन ठेवलं. लोकांनी यावं असं मला वाटतं. पुष्कळ यावेत. मग खाली बसले. एवढं बोलले बघ. आणि वर म्हणतात, विशेष काही नाही.

जाई : ओह, बाबा.

विश्वनाथ : इंग्लिश जरा चुकलं मधे. एका वाक्याचं क्रियापदच राहिलं.

मंदाकिनी : क्रियापद राहू द्या. जाई, मग कोपऱ्यातला एक म्हातारा काउन्सिलर, कानाला मशीन लावलेला, तो मेयरबाईंना म्हणाला, ही जुन्या पिझ्झावाल्याचीच जागा ना? त्यानं सांगितलं की लहानपणी शाळा सुटली की तो आणि त्याचे मित्र या खिडकीशी नाक लावून उभे राहायचे. पिझ्झावाला पीठ वर फेकायचा आणि यांच्याकडे बघून मुद्दाम आणखी उंच फेकायचा. घरचे रागवायचे उशीर झाला म्हणून, तरी उभे राहायचे. म्हणाला, ते दुकान गेलं तेव्हापासून मी या बाजूनं गाडीनंच जातो, चालत यायला कारणच उरलं नाही. मग मत घेतलं. त्या तरुणानं नाहीच म्हटलं, आणखी एकानंही नाही म्हटलं. बाकीचे हो म्हणाले.

विश्वनाथ : अटीवर. काउंटर पुढच्या बाजूला, दार रोज ठरलेल्या वेळी उघडं, आणि रस्त्याकडची खिडकी कोणत्याही प्रकारे झाकायची नाही. कागद, पडदा, काहीही. आता अपिलाची मुदत संपेपर्यंत आपल्याला विकता येणार नाही, आणि त्यानंतर हेल्थ इन्स्पेक्शन आहे. आखाजीपर्यंत होईल असं प्लॅनर म्हणाली. तिनंच शेवटी येऊन माझ्याशी हात मिळवला. मी तिला म्हटलं, तुमचा रिपोर्ट बरोबर होता.

मंदाकिनी : बरं, आता उतरा खाली. खापर तापलंय. जाई, ते पुरण इकडं दे, आणि जरा लांब उभी राहा. हां. हा पहिला.

जाई : आई, फाटला.

मंदाकिनी : फाटू दे, पहिला असाच जातो. इतकी वर्षं बसून केले, उभ्यानं हात विसरलाय. आता बघ. कडेला धरायचं नाही, मनगटावर घ्यायचं, आणि त्याच्याच वजनानं त्याला वाढू द्यायचं. अहो, तुम्ही काय मागं उभे? बघायचं होतं ना? सगळ्या गावापुढं सांगून आलात.

विश्वनाथ : बघतोय की.

मंदाकिनी : इथून माझी पाठ दिसते. बाहेर जा, खिडकीसमोर उभे राहा. कानटोपी घाला.

जाई : आई, बाबा गेले खरंच. असे उभे आहेत, हात खिशात घालून. ओ माय गॉड, आई, हा तुझ्या कोपरापर्यंत आलाय. हाऊ आर यू डुइंग दॅट?

मंदाकिनी : बोलू नकोस, हात हलतो. हा गेला खापरावर. फुगे आले बघ. काय म्हणतायत बाबा?

जाई : चष्मा काढून पुसतायत. आई, रस्त्यापलीकडून कुणीतरी येतंय. एक बाई आहे, आणि कुत्र्याला घेऊन एक माणूस. थांबलेत. बाबा त्यांच्याशी बोलायला लागले. हातानं दाखवतायत, असं, गोल.

मंदाकिनी : हातानं? ते?

जाई : हो ना. आता दार उघडतायत. पण आई, विकायचं नाहीये ना अजून? अलाऊड नाही.

मंदाकिनी : विकतंय कोण? घरी आलेल्याला तोंड गोड केल्याशिवाय पाठवतात का? तूप काढ. आणि त्यांना सांग, गारठा सुटलाय, दार लावा म्हणावं. अहो, ऐकलंत का, दार लावा. हीट बाहेर जातेय.

विश्वनाथ : जाऊ दे गं. लोक येतायत.